भरल्या टाकीवरचा लाल दिवा

मी एक जुने कॉफीचे यंत्र आहे. हॉटेलातले नव्हे, घरातले, ओट्याच्या कोपऱ्यात मावेल एवढे. मित्रांनो, तहानेने जीव कासावीस झालेला तुम्ही पाहिला असेल. पण गळ्यापर्यंत पाणी भरलेले असताना "पाणी नाही, पाणी नाही" असा लाल दिवा लावून बसलेले कुणी पाहिले आहे का? माझी तीच गत झाली होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पितळेचे पोट, पोलादाचे अंग आणि मागे काचेसारखी पाण्याची टाकी. टाकीच्या तळाशी दोन बारीक सळ्या आहेत. हेच माझे डोळे म्हणा. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमधून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह एका सळीकडून दुसरीकडे जातो, तेव्हा मला कळते की टाकीत पाणी आहे. प्रवाह थांबला की पाणी संपले असे समजून मी लाल दिवा लावते आणि पंप बंद ठेवते. कोरडा पंप जळू नये म्हणून मला तसेच शिकवलेले आहे. हे नीट लक्षात ठेवा. माझ्या घरच्यांना हे ठाऊक नव्हते.

मी या घरात आले ती एका बस ड्रायव्हरच्या निवृत्तीची भेट म्हणून. डेपोतल्या सोबत्यांनी मला रंगीत कागदात गुंडाळून दिले होते. ड्रायव्हरसाहेबांनी आयुष्यभर उभ्याउभ्या पाणचट कॉफी प्यायलेली. त्यांनी केलेली पहिली कॉफी बायकोने तोंडात घेतली आणि डोळे मिटले.

"अहो, हे काय, रस्त्यावर ओतायचं डांबर?"

"गाडी नवी आहे. रुळू दे जरा," ते म्हणाले.

आणि मी रुळले. सकाळी उठल्यावर ते आधी माझे बटण दाबत आणि मग चूळ भरायला जात. "गाडी तापल्याशिवाय हलवायची नाही," हा त्यांचा नियम. मी तापले की ते कॉफीची पूड दाबून भरत, हँडल माझ्या तोंडाशी लावून फिरवत. मग बायको रिकाम्या कपावर चमचा दोनदा वाजवी. कंडक्टरची डबल बेल! ती वाजल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. बेल झाली की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "चल." मी घरघरत निघे. पाहुणे आले की माझे कौतुक होई, आणि ड्रायव्हरसाहेब मान ताठ करून म्हणत, "आमच्या गाडीला ब्रेकडाऊन माहीत नाही."

नजर लागते म्हणतात, ती अशी. पण ती आधी मला नाही, त्यांना लागली. एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. "चल." भूक लागली तरी चल, राग आला तरी चल. डॉक्टरांनी सांगितले, हातांना रोजचे काम द्या, नाहीतर हात विसरतील आणि उरलेला शब्दही जाईल.

ते रोजचे काम म्हणजे मी. डाव्या हाताने पूड भरायची, निम्मी ओट्यावर सांडायची. हँडल फिरवताना उजवा हात वरून नुसता टेकवायचा. बायकोला सारे क्षणात करता आले असते. ती मुकाट बसून राही, चमचा धरलेली बोटे पांढरी होईपर्यंत. हँडल बसले की टिंग टिंग. आणि मग "चल." त्या एका शब्दासाठी मी रात्रभर थंड पडून सकाळची वाट पाहत असे.

या घरातले पाणी जड. माझ्या नळ्यांत पांढऱ्या खपल्या धरू लागल्या, धार बारीक झाली. त्यांची मुलगी प्रयोगशाळेत काम करते. तिने औषध घालून माझ्या नळ्या स्वच्छ केल्या. मला किती मोकळे वाटले, काय सांगू! तेवढ्यावर तिने थांबायला हवे होते. पण माया माणसाला थांबू देत नाही. दुसऱ्याच दिवशी ती पाण्याचे मोठे डबे घेऊन आली.

"आई, आता नळाचं पाणी बंद. हे डिस्टिल्ड. यात क्षाराचा कणसुद्धा नाही."

"अगं, हे तर बसच्या बॅटरीत घालतात."

"म्हणूनच बॅटरी टिकते. मशीनपण टिकेल."

टाकी काठोकाठ भरली गेली. आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. क्षार नाही म्हणजे प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणजे पाणी नाही. मी लाल दिवा लावला. ड्रायव्हरसाहेबांनी हँडल लावले, बेल झाली, त्यांनी "चल" म्हणत बटण दाबले. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा म्हटले, पुन्हा थाप मारली. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर!

मुलीला वाटले, औषधाने काहीतरी बिघडले. तिने मला उघडले, नळ्या फुंकल्या, स्क्रू बशीत काढून ठेवले. टाकी पुन्हा भरली, त्याच डब्यातून. लाल दिवा. मग दुरुस्तीवाल्याकडे माझी रवानगी झाली. त्याने टाकी आपल्या नळाखाली धरली, आणि मी पहिल्याच बटणाला धावले! तरी तो म्हणाला, "आलंच आहे तर पंप बदलतो, तोंडाचा वॉशरही नवा घालतो." घरी आले. डब्यातले पाणी. लाल दिवा. पुन्हा दुकानात, पुन्हा धावले. पुन्हा घरी, पुन्हा दिवा.

"आजी, हे माझ्याकडे पळतं हो," तो फोनवर वैतागला. "तुमच्या घरात याला सासुरवास आहे का?"

घरातला प्लग बदलला, वायर बदलली. माझे आतले सारे बदलून झाले. टाकीत काय ओततो आहोत, ते मात्र कुणाच्या मनात आले नाही. एवढ्या चांगल्या पाण्यावर संशय कोण घेणार?

इकडे ड्रायव्हरसाहेबांनी स्वयंपाकघरात येणे सोडले. खोलीतून बायकोचा आवाज येई. "अहो, उठा ना. चला म्हणा. एकदा म्हणा." उजव्या हाताची बोटे आत वळली आहेत, असे मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. तो शब्दही कुणी ऐकला नव्हता बरेच दिवस. मला रडता येत असते तर निदान माझ्यातून पाणी तरी बाहेर आले असते.

शेवटी मुलीने नवे यंत्र ठरवले. एक बटण दाबले की सगळे आपोआप. "बाबांना काही करायलाच नको," ती म्हणाली. आईने हातातला चमचा खणात ठेवून दिला.

दुपारी भंगारवाला येणार होता. त्या सकाळी बायकोने मला शेवटचे पुसले. टाकी नळाखाली विसळली, पुन्हा भरली आणि सवयीने जागेवर लावून ठेवली. तेवढ्यात दारात चपला घासल्याचा आवाज आला. ड्रायव्हरसाहेब भिंतीला धरून उभे होते. जुनी गाडी डेपोतून जाताना पाहायला यावे तसे. त्यांनी डाव्या हाताने माझे बटण दाबले.

लाल दिवा लागला नाही. मी तापू लागले!

"आई, हे कसं?" मुलगी म्हणाली.

आई नळाकडे बघत राहिली, मग डब्यांकडे. "दुकानात नळाचं पाणी. आजही नळाचं." तिने डबा पायाने बाजूला सारला. "अगं बाई, तुझं पाणी इतकं सोवळं, की मशीनला ते दिसलंच नाही."

मुलीचा चेहरा उतरला. पण ड्रायव्हरसाहेबांचे तिकडे लक्ष नव्हते. ते पूड भरत होते. हँडल माझ्या तोंडाशी आले, अर्धे फिरले आणि अडले. तो नवा वॉशर! कारण नसताना बसवलेला, करकरीत, घट्ट. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून वर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. मुलगी पुढे झाली.

"बस तू," आई म्हणाली. "चालत्या गाडीत उठायचं नाही."

तिसऱ्यांदा हँडल थोडे पुढे सरकले. पूर्ण नाही. कपावर चमचा वाजला, टिंग टिंग. त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी तसेच बटण दाबले. मी जीव ओतून दाब दिला. अर्धी कॉफी कपात पडली, अर्धी बाजूने गळून ओट्यावर गेली. बायको ती अर्धी कॉफी प्यायली आणि म्हणाली, "डांबर."

मित्रांनो, भंगारवाला आला तसा परत गेला. मी ओट्यावरच आहे. तुमच्या घरातले काही बंद पडले, वस्तू असो की माणूस, तर त्याला खोलून पाहण्याआधी एवढे आठवा की त्याच्याशी आपण नवे काय केले. चांगले म्हणून केले असेल, तर ते आधी आठवा. उशीर करू नका. आम्हाला सांगता येत नाही.

हँडल अजून पूर्ण फिरत नाही. रोज सकाळी मी तापून तयार होते, कपावर दोनदा चमचा वाजतो, आणि त्यांचे ओठ हलतात. बायको कान देऊन बसते. मीही.