काटा पाचाच्या खाली

तुम्ही न बघता लिहिलंत. नोटिशीवर सही तुमची, शिक्का तुमचा, आणि आत लिहिलंय की टँकरचालक जगन रोज एकाच वळणावर आठ-दहा मिनिटं गाडी उभी करतो, 'सबब वाटेत पाणी विकले जात असावे'. कोणाला विकतो? त्या वळणावर काजऱ्याचं एक झाड आहे आणि खाली दरी. काजऱ्याने हंडा पुढे केलेला तुम्ही बघितलाय का?

थांबतो. नाही म्हणत नाही. का थांबतो ते सांगायला तुमच्या पाणीटंचाईच्या कचेरीत तीनदा आलो, तिन्ही वेळा बाकड्यावर बसवून परत पाठवलंत. म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाचा.

गाडी मुरबाडच्या बाजूला विहिरीवर भरते. दहा हजार लिटर. तिथून जंगलातला चढ, मग खिंड, आणि खिंडीपासून सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीपर्यंत अडीच किलोमीटर नुसता उतार. सात वळणं. शेवटचं काजऱ्याचं. त्याच्या पुढे रस्ता सरळ खाली वाडीच्या आटलेल्या विहिरीवर जातो, आणि विहिरीच्या तोंडाशी, रस्त्यावरच, बाया हंडे घेऊन उभ्या असतात. उभं राहायला दुसरी जागा नाही. त्यांच्यात माझी सासू हौसा असते. नेहमी सगळ्यांच्या पुढे.

गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. पाय दाबला की टाकीतली थोडी हवा खर्च होते. इंजिन ती परत भरतं, पण त्याला वेळ लागतो, आणि खड्ड्याखड्ड्यांच्या उतारावर पाय सारखा ब्रेकवर असतो. टाकीत किती हवा उरली ते मीटर दाखवतो. माझ्या गाडीचा मीटर कायम आठ दाखवायचा. आठ किलो म्हणजे टाकी फुल. मला बरं वाटायचं. तसंही आमच्यात मीटर बघणाऱ्या डायवरला हसतात. 'तुला कान नाय का?' म्हणतात. हवेच्या फुसकाऱ्यावरून ओळखायचं, अशी आमची शान.

मार्चमध्ये एके दिवशी काजऱ्याच्या वळणावर मी पाय दाबला आणि गाडी थांबली नाही. नुसती हळू झाली. मी ती डोंगराच्या अंगाला घासत नेली. मडगार्ड गेलं, आरसा गेला, गाडी दगडात अडकून उभी राहिली. माझी बायको रविना क्लीनर म्हणून बाजूला बसते. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "खाली आय उभी हाय."

काटा तेव्हाही आठावर होता.

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून शहापूरला गेलो. हायवेला कमळाकरचं दुकान आहे, ट्रकचं वायरिंग आणि मीटर करतो. त्याने आधी काही विचारलं नाही. गाडीखाली शिरला आणि टाकीचा खालचा कॉक उघडला. सगळी हवा फुस्स करून गेली. मग केबिनमध्ये चढला. काटा आठावर.

"हा मीटर नाय रे," तो म्हणाला, "फोटो हाय. किती दिवस याची पूजा करतोस?"

"गाडी घेतली तवापासून. वरीस झालं."

"मग देवच तुझा क्लीनर हाय."

"क्लीनर मी हाय," रविना म्हणाली.

त्याने तीन मीटर मांडले. एक निळ्या आकड्यांचा. मी लगेच त्याला हात घातला.

"उन्हात दिसतो का तो?" रविनाने विचारलं.

"नाय दिसत," कमळाकर म्हणाला. "पोरं घेतात. रील बनवायला."

दुसरा लहान, स्वस्त, पण आकडे किलोत नव्हते. त्याचा हिशोब डोक्यात करत बसलो तर तोवर दरीत. तिसरा बशीएवढा. दोन काटे, एक पुढच्या ब्रेकचा, एक मागच्या. आत ग्लिसरीन भरलेलं, म्हणजे खड्ड्यात काटा थरथरत नाही. तो घेतला. कमळाकर स्टेअरिंगच्या वर खडूने खूण करायला लागला, तर रविनाने त्याचा हात धरला.

"तिकडं नाय. हिकडं, माझ्या सामने."

"वहिनी, सगळी दुनिया डायवरच्या सामने लावते."

"सगळ्या दुनियेची आय खाली उभी नाय. तो रस्ता बघंल. काटा मी बघन."

कमळाकर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, लाव.

त्याने दोन्ही टाक्यांना जोड बसवले, तिथून बारीक नळ्या चासीला बांधत केबिनपर्यंत आणल्या. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एका जोडावर बुडबुडा आला. उघडला, टेप गुंडाळली, परत आवळला, परत फेस. बुडबुडा थांबेपर्यंत आम्हाला सोडलं नाही. मग हवा भरणाऱ्या कंप्रेसरकडे वळला, त्याचा वॉल्व्ह बदलला. हे मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही म्हणाल गाडी दुरुस्त कर. केली. तरी खाली येईतो काटा पाचाच्या आसपास येतोच. उतारच तेवढा आहे.

पाचावर रविनाने काचेला लाल टिकली चिकटवली. टिकलीला काटा लागला की थांबायचं. चाकांना दगड लावायचे, कारण हँडब्रेक त्या उतारावर भरलेली गाडी धरत नाही. मग न्यूट्रलमध्ये इंजिनला रेस देऊन हवा आठावर आणायची. बहुतेक दिवशी हे काजऱ्याच्या वळणावर होतं. ती तुमची आठ-दहा मिनिटं.

एप्रिलमध्ये तुम्ही गाडीला जीपीएसची डबी लावलीत. गाडी पाच मिनिटांच्या वर उभी राहिली की तुमच्याकडे लाल दिवा. गाडी कुठे उभी आहे हे तुम्हाला बसल्या जागी कळतं. टाकीत हवा किती आहे हे त्या डबीला कळत नाही, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

नोटिशीनंतर तुम्ही माणूस पाठवलात. सुयोग. वाशिंदचा पोरगा, नुकता लागलेला. मी साहेब म्हटलं तर लाजला. तो रविनाच्या जागेवर बसला, ती आमच्या मध्ये इंजिनच्या झाकणावर. मे महिना, सकाळचे अकरा. ते झाकण कसं तापतं ते एकदा बसून बघा.

खिंडीतून गाडी उताराला लागली.

"आठ," रविना म्हणाली.

पहिलं वळण. दुसरं. "सात." सुयोग मोबाइलवर नकाशा बघत होता.

"साहेब, गुडघा बाजूला घ्या. काटा दिसत नाय."

"सॉरी, ताई."

चौथं वळण. "साडेसहा." पाचवं. "सहा." सहाव्या वळणाच्या पुढे करवंदीच्या जाळीतून शेळ्या रस्त्यावर आल्या. मी पाय दाबला, सोडला, परत दाबला. मागे टाकीतलं पाणी पुढे आदळलं, सगळी गाडी ढकलली गेली. परत दाबला. शेळ्या गेल्या.

"पाच," रविना म्हणाली. आणि लगेच, "साडेचार."

"थांबतो," मी म्हटलं.

सुयोगचा फोन वाजला. तुमच्यापैकीच कोणी तरी होतं. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलं. "थांबू नका म्हणतात. आज थांबलात तर टँकर आजपासून बंद."

समोर काजऱ्याचं झाड. त्याच्या पलीकडे सरळ उतार आणि खाली रंगीत ठिपके. लुगडी, हंडे. सगळ्यांच्या पुढे एक हिरवं लुगडं. टँकर बंद झाला तर त्या बायांना पाण्यासाठी दोन डोंगर पलीकडे जावं लागतं. नाही थांबलो तर मी त्यांच्यातूनच जातो.

"अरे, चार," रविना म्हणाली. "आता थांब."

उरलेली सगळी हवा त्या एका पायात गेली. गाडी थांबली असं वाटलं, मग सरकायला लागली. हळू. माणूस चालतो तेवढी. मी गिअरमध्ये धरली, हँडब्रेक ओढला, तरी सरकतच होती. रविना सुयोगच्या मांडीवरून उडी टाकून खाली. पहिला दगड चाकाने फोडला. दुसरा तिने दोन्ही हातांनी ढकलला, चाक त्यावर चढलं आणि उभं राहिलं. तिची बोटं दगडाखालून कधी निघाली ते मला दिसलं नाही. तिसरा दगड आणला तो सुयोगने. आणि त्याने तो नीट लावला. तेवढं मी त्याच्या बाजूने लिहितो.

आठावर यायला अकरा मिनिटं लागली. सुयोग मीटरसमोर उभा होता आणि न सांगता आकडे वाचत होता. पाच. सहा. साडेसहा. उरलेल्या उतारालाही तोच वाचत होता.  रविना हात झाडत होती.

खाली हौसाने त्याला तांब्या दिला. "पी बाबा. आन सांग, वाटंत किती पाणी इकलं माझ्या जावयानं?"

तो पाणी प्यायला. रिकामा तांब्या परत दिला.

चार दिवसांनी तुमचा आदेश आला. 'पाहणीदरम्यान चालकाने सूचना देऊनही अकरा मिनिटे अनावश्यक थांबा घेतला. टँकर बंद करण्यात येत आहे.' अनावश्यक हा शब्द सुयोगचा की तुमचा, मला माहीत नाही. त्याचा अहवाल मला दाखवा. त्याने काटा चारवर बघितला ते त्यात आहे की कोणी खोडलं, ते बघू द्या.

आता सोमवारपासून दुसरा टँकर येतोय. त्याचा डायवर मला भरायच्या विहिरीवर भेटला. बाहेरचा माणूस, उतार कधी बघितलेला नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वाटेत गाडी उभी करायची नाय असं मला लिहून दिलंय. मी काय करू?"

 याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. सोमवारी साडेअकराच्या सुमारास दहा हजार लिटर घेऊन तो काजऱ्याच्या वळणावर येईल, टाकीत चार किलो हवा असेल, आणि खाली रस्त्यावर बाया उभ्या असतील. त्याने थांबायचं की नाही? सोमवारच्या आत लेखी कळवा, आणि खाली तुमचं पूर्ण नाव लिहा.