चिंध्यांच्या पलीकडं

माझ्या नवऱ्याचं नाव कानिफनाथ. एरवी मी ते तोंडानं घेत नाही, पण आज सांगायचंच आहे तर घेते. नाथसागराच्या आमच्या काठावर, शेवगावच्या अंगाला, पुण्या-नगरची माणसं दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. त्यांना हे हिंडवतात आणि मी पिठलं-भाकरी घालते. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, तेव्हा गर्दी कमी होते आणि आमच्या घरातलं जुनं दुखणं वर येतं.

कारण पाणी लईच आटलं की धरणासाठी उठवलेलं आणि पाण्यात बुडालेलं जुनं गाव उघडं पडतं. गाव कसलं, गाळाचा एक उंचवटा आणि जोत्यांचे दगड. आमच्या जोत्यामागं माझ्या सासऱ्यांची, रंगनाथनानांची, पहिली मुलगी पुरलेली आहे. बारशाच्या आधीच गेली बिचारी. गाव उघडं पडलं की नाना आणि सासूबाई तांब्याभर दूध घेऊन जायचे, तिथं ओतायचे आणि मुकाट परत यायचे. त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी फार बोलायचं नाही.

गेल्या दिवाळीत सासूबाई गेल्या. यंदा मार्च सरता सरता उंचवटा दिसायला लागला, तसे नाना म्हणाले, "चांगुणे, दूध ठिव उद्या. आई गेल्याचं पोरीला सांगायला पायजे."

पण उंचवट्यावर नदीसुरयांनी अंडी घातली होती. पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. घरटं म्हणून काही करत नाही, उघड्या मातीत अंडी घालतो. माणूस जवळ गेला की उठतो, आणि तेवढ्यात उन्हानं अंडी शिजतात नाहीतर कावळा नेतो. म्हणून ह्यांनी गाळात मेखा ठोकून हद्द आखली. मेखांना फडकवायला कापड पाहिजे होतं, तर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. त्या हद्दीपुढं कुणाला जाऊ देत नव्हते. शेरडं वळणाऱ्यांशी भांडले, फोटोवाल्यांशी भांडले.

"नाना, पिल्लं उडू द्या. मग मी सोता नेतो," हे म्हणाले.

"मी काय अंडी खानार हाय का रं?"

"तसं न्हाई. पन तुमाला सोडलं तर उद्या सगळं गाव जाईल. मग मी कुनाला कसा आडवू?"

मी मध्ये पडले. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, ऊन उतरल्यावर गुपचूप नेऊन आणा. तर माझ्यावरच डाफरले. नियम म्हणजे नियम. आमच्या ह्यांच्या अंगात एकदा नियम शिरला की देवही काढू शकत नाही.

मे महिन्यात एका रविवारी पुण्याची मंडळी आली होती. हे त्यांना हद्दीपाशी उभं करून पक्ष्यांचं सांगत होते, आणि मी मागून चहाची किटली घेऊन चालले होते. तेवढ्यात बघते तर नाना. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात तांब्या. चिंध्यांच्या पलीकडं चार पावलं गेलेले. वरती सुरय ओरडत उठले.

एक बाई म्हणाल्या, "त्यांना कसं जाऊ देता तुम्ही?"

"नाना, मागं या," हे ओरडले. "आधी मागं या. लोकांसमोर माझी शोभा करू नका."

नाना थांबले. वळले. येताना एका मेखेवरची चिंधी सुटली होती, ती तांब्या खाली ठेवून त्यांनी नीट बांधली, आणि माझ्याजवळून घरी गेले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही.

त्यानंतर नानांनी विषयच काढला नाही. पिल्लं नुकती फुटली होती, अजून पंख यायचे होते. हे रोज सांगायचे, "आता थोडंच राह्यलं, नाना." नाना नुसतं हूं म्हणायचे.

मग वर नाशिककडं अवकाळी कोसळला. असा मे महिन्यात कधी येत नाही. नदीला लोंढा आला आणि एका रात्रीत पाणी चढलं. सकाळी आम्ही तिघं काठावर गेलो तर उंचवटा नव्हताच. दूरवर दोन मेखांची टोकं आणि चिंध्या तेवढ्या दिसत होत्या. सुरय पाण्यावर घिरट्या घालत होते. खाली यायचे, पाण्याला टेकल्यासारखे करायचे, पुन्हा वर जायचे.

हे म्हणाले, "नाना, चुकलं माझं. त्याच दिवशी न्यायला पायजे हुतं."

मी घरून आणलेला दुधाचा तांब्या पुढं केला. म्हटलं, "इथंच ओता, नाना. पाणी एकच आहे."

"हितून पोचत न्हाई," ते म्हणाले. "घरी ने. नासंल."

ते पक्ष्यांकडं बघत राहिले. मग ह्यांना म्हणाले, "पिल्लं समदी गेली?"

ह्यांनी मान डोलावली.

"आमाला तरी नोटीस आल्ती," नाना म्हणाले.

तेव्हा हे गाळातच खाली बसले आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता नाना त्यांच्या पाठीवर हात ठेवतील. नानांनी ठेवला नाही. काठी टेकत ते घराकडं निघाले, आणि मी दुधाचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं गेले.