गढूळ पाण्यातला मणी

"टाळ्या थांबवा," आमची ही म्हणाली.

कोण ऐकतंय! तिचे साहेब तर खुर्चीतून उडालेच होते. हौद मोडायला आलेले कामगारही, काय झालं ते न कळता, टाळ्या पिटत होते. मीही पिटत होतो. जन्मभर बस चालवली मी, पण पडद्यावरची हिरवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली एवढं मलाही दिसलं. बायकोच्या नोकरीचा शेवटचा दिवस, तिचं सामान घरी न्यायला म्हणून आलो, आणि नेमकं हे बघायला मिळालं. छाती फुगली हो!

हिचं काम सांगायला सोपं. लांबलचक हौदात गाळाचं पाणी भरायचं, पंपाने ते खळबळवायचं, आणि त्यात एक बारीक मणी सोडून तो भोवऱ्यांतून कसा जातो ते बघायचं. पाणी इतकं गढूळ की कॅमेऱ्याच्या बापालाही काही दिसायचं नाही. म्हणून हौदाच्या भिंतींना सोनोग्राफीसारखी यंत्रं लावलेली. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात. तो मण्यावर आपटून परत आला की मणी कुठे आहे ते कळतं, आणि पडद्यावर त्याच्या मार्गाची रेघ उमटते. पण मधला मोठा भोवरा आला की मणी हरवलाच म्हणून समजा. वर्षानुवर्षं हेच. रात्री जेवताना मी विचारायचो, "सापडला का गं?" ती म्हणायची, "भाजी वाढा." आज हौदच मोडणार होते, आणि हिला एकदा, फक्त एकदा, मण्याचा पूर्ण मार्ग बघायचा होता.

"रेघ सारखी वर चढत गेलीय," ती साहेबांना म्हणाली. "आपला मणी पाण्याइतकाच जड. तो असा वर कशाला जाईल?"

"ताई, आज तरी शंका नको." साहेब वयाने आमच्या मुलाएवढे, पण हिच्यावर फार जीव. "यंत्राने दाखवलंय ना?"

ही थेट शिडी चढली. मणी सोडायच्या नळीत तिने तार घातली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. मणी नळीतच अडकला होता.

"मग तिकडे गेलं ते काय?" मी विचारलं.

"बुडबुडा." ती शिडीवरच बसली. "हौद भरल्यावर पाणी थिरावू द्यायला हवं होतं. वेळ नाही म्हणून मीच घाई केली."

वाजवलेल्या टाळ्या परत कशा घेतात, कोण जाणे. मला इतकं वाईट वाटलं! साहेब हळूच म्हणाले, "राहू द्या ताई. एवढी छान रेघ आलीय. कोण विचारणार आहे?"

"हे विचारतील ना," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "जेवताना."

मग ती कामगारांच्या मुकादमाकडे वळली. "दादा, पाण्यातली हवा जाईपर्यंत थांबता का?"

"बाई, खाली ट्रक उभाय. ड्रायव्हर बोंब मारेल."

"ड्रायव्हरला मी बघतो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच हिच्या कामात माझा उपयोग होणार होता. खाली जाऊन मी त्याच्याशी टायर, क्लच, घाटातले ब्रेक असं काय काय बोललो! शेवटी तोच म्हणाला, "काका, चला, वर काय चाललंय बघू."

वर सगळे पडद्याभोवती उभे होते. हिने पंप सुरू केला. मणी नळीतून सुटलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि मगच शिडीवरून खाली उतरली. रेघ निघाली. मोठ्या भोवऱ्यात शिरली, गरगरली, माघारी आली, खाली गेली. मी हिचा हात धरला. रेघ पुन्हा फिरली, आणि सुटली! वेडीवाकडी, पण अखंड, थेट हौदाच्या टोकाला मणी अडवायला लावलेल्या जाळीपर्यंत.

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. सगळे हिच्याकडे बघत होते. तिने पंप बंद केला, बाही वर केली, कोपरापर्यंत हात गढूळ पाण्यात घातला आणि जाळी चाचपली. बराच वेळ चाचपली. मग चिमूट वर काढली.

"मणीच आहे," ती म्हणाली. "आता वाजवा."

हौदाचा नळ तिनेच उघडला, आणि पाणी पूर्ण जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

रात्री जेवायला बसलो. तिच्या नखांत अजून गाळ होता. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सापडला का गं?"

"सापडला," ती म्हणाली. "भाजी वाढा."