ऑरिन हॅस्केटच्या थडग्यावरचा दगड

थर्झाबाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. गावातल्या अर्ध्या घरांचे कपडे त्या धूत, माझ्या घरचेही. माझ्या वकिलीच्या कचेरीत मात्र पहिल्यांदाच आल्या होत्या.

कागद वॉशिंग्टनहून आला होता. त्यांचा भाऊ ऑरिन जानेवारीत वारला. यादवी युद्धात लढलेल्या शिपायाच्या थडग्यावर सरकार संगमरवरी दगड देतं, तसा त्यांनी ऑरिनसाठी मागितला होता. उत्तर आलं की हा शिपाई पलटणीतून पळालेला आहे, दगड मिळणार नाही.

"हजेरीपटावर सही तुमची आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याचे कॅप्टन. काय झालं होतं तेवढं लिहून द्या."

काय झालं होतं? टेनेसीतल्या एका जंगलात दुपारी तीनच्या सुमाराला आमच्यावर तोफा सुरू झाल्या आणि मी पळालो. ओढ्याच्या काठाखाली चिखलात तोंड घालून पडून राहिलो. माझी माणसं पुढे होती. त्यातली एकोणीस परत आली नाहीत. ऑरिन मला शोधत आला. त्याने काही विचारलं नाही. आपल्याजवळचं पाणी पाजलं, माझं तोंड पुसलं. मी एक चिठ्ठी खरडली आणि ती मागच्या तळावर पोचवायला सांगितली. चिठ्ठीत काही नव्हतं. त्याने माझ्यासमोरून जावं, एवढंच मला हवं होतं.

वाटेत त्याला तापाने गाठलं आणि सहा आठवडे तो कुणाच्या तरी कोठारात पडून राहिला. त्या संध्याकाळी हजेरीत त्याचं नाव आलं, तेव्हा मीच पाठवलाय एवढं म्हणणं पुरे होतं. पण कुठून पाठवलंत, असं कुणी विचारलं असतं तर? मी त्याच्या नावापुढे 'फरार' लिहिलं. परत आल्यावर मी पाठवलं होतं हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तुरुंग भोगला आणि नाव घालवून घरी आला. पुढे चोवीस वर्षं आमच्या गावात विहिरी खणल्या. माझीही त्यानेच खणली. मी दिसलो की टोपीला हात लावायचा.

त्या वर्षी मी राज्याच्या सिनेटच्या निवडणुकीला उभा होतो. थर्झाबाईंना गुरुवारी यायला सांगितलं आणि प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो. खरं कुठवर सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे वकिलाला शिकवावं लागत नाही. 'हॅस्केट यास लढाई चालू असता मी स्वतः निरोप देऊन मागे पाठवले होते. हजेरीच्या गडबडीत चुकीची नोंद झाली.' त्यात 'गडबडीत' हा एकच शब्द खोटा होता. ओढा मी लिहिलाच नाही.

माझा प्रचार बघणाऱ्या थॅडियस क्रलचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. त्याने ते प्रतिज्ञापत्र पहिल्या पानावर छापलं. एका गरीब शिपायासाठी कॅप्टन पंचवीस वर्षांनी आपली चूक कबूल करतो, याचं लोकांना फार अप्रूप वाटलं. सभांमध्ये तीच हकिकत सांगायचा आग्रह होऊ लागला. मी सांगत गेलो. तिसऱ्या सभेत नेमक्या जागी माझा गळा दाटून आला, आणि मी तो दाटू दिला.

सप्टेंबरात दगड आला. बँड वाजला, भाषणं झाली. माणसं पांगल्यावर थर्झाबाई हळूच म्हणाल्या, "ओढ्याचं लिहिलं नाहीत तुम्ही."

त्यांना कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं.

"जायच्या आदल्या आठवड्यात बोलला तो. तापात बरळत होता. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, कुणाला सांगू नकोस. साहेब तेव्हा तेवीस वर्षांचे होते."

"मग तुम्ही गप्प का राहिलात?"

"मला दगड हवा होता, तो मिळाला." त्यांनी दगडावरची धूळ एप्रनने पुसली. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

निवडणुकीला पाच आठवडे उरले होते. रोज सकाळी दाढी करताना मी ठरवायचो, आज सांगून टाकायचं. अकराशे मतांनी निवडून आलो, तेव्हाही ते सांगायचं राहिलेलंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी चर्च भरलं होतं. क्रलने माझ्यासाठी पहिला बाक मोकळा ठेवला होता आणि तिथून हात हलवत होता. मी मागे वळलो. शेवटच्या बाकावर थर्झाबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झगा आवरून घेतला आणि सरकून जागा दिली.

प्रार्थनागीत सुरू झालं. त्यांनी आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं. सगळे गात होते, पण माझं तोंड उघडेना. मला पुस्तकातली जागा सापडत नसेल असं वाटून त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, आणि गीत जसजसं पुढे जाईल तसतसं ते माझ्यासाठी सरकवत राहिल्या.