रसनाथ महाराजांची चिमूट

जानरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावातली निम्मी माणसं हातात द्रोण घेऊन बसली होती आणि मधोमध पाटावर रसनाथ महाराज. पुढ्यात वरणाची दोन पातेली. दोन्ही जानरावांच्या सुनेनं, आरतीनं, एकाच डाळीची रांधलेली. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि डबीतली धुनीची राख एका पातेल्यात सोडली.

"चव अन्नात नसते, माय, हातात असते. त्या पातेल्यात हिचा हात आहे, या पातेल्यात गुरूचा. चाखा."

लोकांनी चाखलं. पहिलं पांचट, दुसरं असं की द्रोण चाटून घ्यावा.

"आता तू," महाराज आरतीला म्हणाले. "अन्नाची शपथ आहे. खरं सांग."

आरतीनं दोन्ही चाखली. "दुसरं चांगलं आहे," ती म्हणाली. आपल्याच जिभेनं आपल्याला धरून दिलं, असं तिला वाटलं.

जानरावांचं बीपी वाढल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. तिनं ते केलं आणि घरात जेवताना तोंडं वाकडी होऊ लागली. सासू मनकर्णाबाईंनी महाराजांच्या आश्रमातून राख आणली. त्या राख घालून वाढत तेव्हा वरण गोड लागे, आरती वाढी तेव्हा बेचव. महाराजांनी निदान केलं: सुनेच्या हाताला बाधा आहे, उतरेपर्यंत आश्रमात सेवेला ठेवा. तिला न्यायला जीप दारात उभी होती.

नवरा बंडू बडनेऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत रजा टाकून आला होता. खाली बघत उभा होता.

"तुमी बोलत काहून नाही?" तिनं हळूच विचारलं.

"साऱ्या गावानं चाखलं, आरती. तू बी चाखलं. मी काय बोलू?"

शेजारच्या निखत मॅडम हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्यांनी द्रोणातलं वरण पुन्हा एकदा सावकाश चाखलं आणि उठल्या. "महाराज, आमच्या घरचं कालवण बी बेचव होऊन राहिलं. मले बी थोडी राख द्या."

महाराजांनी खुशीनं दिली. निखत मॅडमनी ती तिथंच पेल्यातल्या पाण्यात ढवळली आणि फडक्यातून दुसऱ्या पेल्यात गाळली. फडक्यावर राख राहिली. ती दुसऱ्या पाण्यानं नीट धुऊन घेतली. पेल्यात उरलं जवळजवळ नितळ पाणी.

"मनकर्णाकाकू, आता तुमच्याच हातानं करा. आरतीचं साधं वरण दोन वाट्यांत घ्या. एकीत ही राख टाका, एकीत हे पाणी."

"गुरूची परीक्षा घेणाऱ्याची जीभ झडते," महाराज म्हणाले.

"मंग पहिले मी चाखते."

त्यांनी चाखलं आणि वाट्या मनकर्णाबाईंपुढे केल्या. मनकर्णाबाईंना राखेच्या वाटीत नुसती कचकच लागली. पाण्याच्या वाटीत मात्र तीच गुरूची चव.

"राखेत तं काईच नाही," त्या म्हणाल्या.

निखत मॅडमनी घरून एक पुडी आणली. "ही चायनीजच्या गाडीवर वापरतात ती टेस्टिंग पावडर." चिमूटभर पावडर आणि मीठ तिसऱ्या वाटीत पडलं. तीच चव. बंडूनं दोनदा चाखून पाहिलं.

"जिभेवर चव ओळखणारे, डोळ्यानं न दिसणारे ग्राही असतात," त्या सांगू लागल्या. "टमाट्यात, मटणाच्या रश्श्यात ग्लुटामेट नावाचा पदार्थ असते, तोच या पावडरीत आहे. ते या ग्राहींवर बसलं की मेंदूले निरोप जाते, जेवण कसदार आहे. त्याच्या जोडीले मशरूममध्ये असते तसा आणखी एक पदार्थ मिसळला, तं तोच निरोप कितीतरी जोरात जाते. म्हणून चिमूट पुरते. पावडर काही विष नाही. पण पेल्यातलं पाणी चाखून पाहा, खारट लागते. आरती जे मीठ काढून राहिली होती, तेच काकू, तुमी राखेतून काकाले चारून राहिल्या."

जानरावांनी हल्ली सुजू लागलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं.

"कलियुग आहे," म्हणत महाराज जीपमध्ये बसले. कोणी थांबवलं नाही, कोणी पाया पडलं नाही.

"पण चव तं खरीच होती न?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"चव खरी होती, काकू. सांगितलेलं कारण खोटं होतं."

अंगण रिकामं झाल्यावर आरतीनं बंडूला विचारलं, "आज निखत मॅडम घरी नसत्या तं?"

त्यानं आश्रमात न्यायला बांधलेली तिची पिशवी उचलून आत नेली. आणि वाचकहो, दर अंगणात निखत मॅडम नसतात. तेव्हा जिभेला जे लागलं ते खरं माना, पण का लागलं, हे समोरच्या पाटावर बसलेल्याला ठरवू देऊ नका. त्याच्या डबीतलं थोडं मागून घ्या, पाण्यात टाका, गाळून पाहा. तेवढ्यानं एखादी सून घरी राहते.