दुकानाचा फोन

दीक्षाने वाजणाऱ्या फोनकडे हात नेला, तेवढ्यात बुद्धरत्नाने तो तिच्या पुढ्यातून उचलून घेतला.

"वाजू दे गो," तो म्हणाला. "बघ आता गंमत."

फोन दोनदा वाजून गप्प झाला. नवऱ्याचे हात वॉर्निशने चिकट झाले होते, तरी तो फोन छातीशी धरून लॉटरी लागल्यासारखा हसत होता.

"गेला परभणीला!"

परभणीला ओवी नावाची मुलगी बसली होती. आजपासून दुकानाचे सगळे फोन तीच घेणार होती. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला, असं मुंबईच्या मावसभावाने, विनीतने, बुद्धरत्नाला समजावलं होतं. विनीतने आपल्या एसी दुरुस्तीच्या धंद्यात अशीच एक ठेवली होती. तेव्हापासून बुद्धरत्नाच्या डोक्यात तेच घुमत होतं. पोलादपुरात हमरस्त्याला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान; मध्ये पडदा, आणि पडद्यामागे घर. एप्रिलमध्ये विहिरींचं पाणी खाली गेलं की गावोगावच्या पंपांच्या मोटारी जळत आणि फोनला उसंत नसे. आजवर तो फोन दीक्षा घेत आली होती. भाकरी थापताना, कपडे पिळताना, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून.

"सुटलीस तू," बुद्धरत्न म्हणाला.

दीक्षा हसली. मग आत जाऊन तिने घासलेलीच पातेली पुन्हा घासायला घेतली.

थोड्या वेळाने तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताई, मी ओवी. सरांनी तुमचा नंबर दिला. माझ्याआधी हे काम कोण बघायचं, त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

"मीच बघायची."

"बरं झालं! तुडीलचे कुणी चिंतामणी मास्तर म्हणतात, सवडीनं या. आणि पाचाडच्या अंबिकाताई खूप ओरडल्या. आजच्या आज या, नाहीतर मोटार दुसरीकडे देते म्हणाल्या. म्हणून मी पाचाड आधी लावलंय."

"नाय नाय, उलटं कर!" दीक्षाने राखेचे हात तसेच पदराला पुसले. "मास्तर सवडीनं म्हणाले म्हंजे त्यांच्या घरात पाण्याचा थेंब नाय. त्यांना मागायला जमत नाय. आणि अंबिकाताईची खानावळ हाय गडाखाली. आज मंगळवार. गडावर माणूस नाय, तिला घाई कसली? तिला म्हणावं, तुमच्या हातच्या जेवणाचं लय ऐकलंय, उद्या सकाळी माणूस येतोय. गप होते का नाय बघ."

पाच-दहा मिनिटांत पुन्हा फोन आला. ओवी हसत सुटली होती.

"ताई, त्यांनी मला जेवायला बोलावलंय! मी परभणीला आहे हे सांगितलंच नाही."

दीक्षाही हसली. पडद्यापलीकडून बुद्धरत्नाने विचारलं, काय झालं गो? तिने सांगितलं नाही. असं फक्त आपलं काही तिच्याकडे बऱ्याच दिवसांत नव्हतं.

मग रोजच ओवीचे फोन येऊ लागले. मोटार पऱ्यात पडली म्हणजे कुठे पडली? दीक्षाने सांगितलं, पऱ्या म्हणजे ओढा. घाटातल्या वाड्यांना एकाच दिवशी का घ्यायचं? बाहेरगावाहून कुणी मोटार बदलून द्या म्हणालं, तर आधी काय विचारायचं? दीक्षा सांगत गेली आणि सांगता सांगता तिचं तिलाच नवल वाटू लागलं. एवढं सगळं आपल्याला ठाऊक आहे! आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी ओवी म्हणाली, "ताई, एक बोलू? साताऱ्याच्या एका दातांच्या डॉक्टरांना सकाळपुरतं माणूस हवंय. आमच्याच कंपनीतून. घरबसल्या करायचं. मी तुमचं नाव दिलं तर?"

"माझं? अगं, मला तुझ्यासारखं बोलता येत नाय."

"आमच्या मॅडम आधी फोनवर परीक्षा घेतात. देऊन तर बघा."

शनिवारी दुपारी दीक्षा बुद्धविहाराच्या पडवीत जाऊन बसली. तिथे त्या वेळी कुणी नसतं आणि हमरस्त्याचे ट्रकही ऐकू येत नाहीत. तिने फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

पलीकडून एक बाई एकदम ओरडलीच, "हॅलो! माझी दाढ ठणकतेय! मला आत्ताच्या आत्ता डॉक्टर पाहिजेत!"

दीक्षाला वाटलं, ही तर अंबिकाताईच.

"रात्रभर झोप नसेल लागली तुम्हाला," ती म्हणाली. "गाल सुजलाय काय? ताप हाय... ताप आहे का?"

पलीकडचा आवाज खाली आला. प्रश्न येत गेले, ती उत्तरं देत गेली. शेवटी मॅडम आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, "हाय-नाय बदलू नका हं. साताऱ्याचे पेशंटही हायच म्हणतात. आता फक्त तुमच्या आधीच्या मालकांशी बोलते, मग सोमवारपासून सुरू करू."

दीक्षा घरी चालत आली की धावत, तिलाच कळलं नाही. रात्री ताटावर बसल्यावर तिने बुद्धरत्नाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"फोन उचलायला? तुला? पगार देऊन?"

"हो."

"मग मी ओवी कशाला ठेवली?" तो बोलून गेला आणि मान खाली घालून जेवू लागला.

"उद्या तुम्हाला फोन येईल," दीक्षा म्हणाली. "मालक म्हणून. नसेल बोलायचं तर उचलू नका."

त्याने ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

सकाळी फोन वाजला तेव्हा दीक्षा पडद्यामागे चहा गाळत होती. एकदा वाजला, दोनदा वाजला. आता परभणीला जाणार, तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज आला. बुद्धरत्न उभा राहून बोलत होता.

"हॅलो... हां, मीच मालक. ...हो, माझ्याकडंच होत्या."

दीक्षाच्या हातातली गाळणी थांबली.

"किती वर्षं? लग्ना... नाय, दुकान काढल्यापासनं. सगळं त्याच बघायच्या. ...गिऱ्हाइकावर आवाज? कधीच नाय. चिडलेला माणूस त्यांच्याशी बोलला की चहा प्यायला येतो आमच्याकडं." पडद्यापलीकडे स्टूल पुन्हा सरकलं. "मॅडम, सांभाळून घ्या म्हणणार होतो. पण त्याची गरज नाय. त्याच सांभाळून घेतील तुम्हाला."

त्या.

पडद्याच्या अलीकडे कुणी बघायला नव्हतं, तरी दीक्षाने पदर नीट केला आणि ताठ उभी राहिली.