बंदरावरची नऊ नंबर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या पुढच्या मडगार्डवरचा नऊचा आकडा पुन्हा पुन्हा रंगवावा लागला आहे, यावरून काय ते समजा. बंदराच्या फाटकासमोर एक पत्र्याची शेड आहे, तेच माझे घर. तिथे माझ्यासारख्या आणखी काही जणी ओळीने उभ्या असतात. आमच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. ती नेमकी कोणाची मावशी हे कोणालाच ठाऊक नाही, पण हमालापासून कप्तानापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. तिचे यजमान आमची दुरुस्ती करतात. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, आणि मावशीही त्यांना तशीच हाक मारते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत असताना कोणी मला चाके लावली, कोणी दिवा, कोणी आरसे. शेवटी एका बाईने मला मऊ फडक्याने पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, कशी नवरीसारखी दिसतेय." तेव्हा मी मनात मांडे खाल्ले. आता मी एखाद्या घरी जाणार, मुलांना शाळेत सोडणार, भाजीच्या पिशव्या आणणार. पण माझ्या वाट्याला आले हे बेट आणि भाड्याचे जिणे.

सकाळी जहाज येते. ते इतके उंच असते की त्याच्या सावलीत आमची शेड झाकून जाते. जहाजावरची माणसे दिवसभर बेट बघायला उतरतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यातली बरीचशी आमच्याकडे येतात. मित्रांनो, मी तक्रारखोर नाही, पण खरे ते सांगते. घरच्या गाडीवर बसलेल्या माणसाला खड्डा लांबून दिसतो. भाड्याच्या गाडीवर बसलेल्या त्याच माणसाला खड्डा अजिबात दिसत नाही. कोणी मला वाळूत घातले, कोणी माझ्या आरशाला ओले कपडे वाळत टाकले, एका पाहुण्याने तर माझ्या सीटवर उभे राहून फोटो काढून घेतला. "आपली थोडीच आहे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते माझेच नाव असावे असे वाटू लागले होते.

गाडी देताना मावशी प्रत्येकाला दोन गोष्टी बजावते. पहिली अशी, की बेटाच्या मधोमध डोंगर आहे आणि रस्ता खिंडीतून जातो. तो चढ दोन्ही बाजूंनी इतका खडा आहे की दोघांना घेऊन आमचा जीव जातो. म्हणून मागे बसलेल्याने चढापाशी उतरायचे आणि वर पायी यायचे. दुसरी गोष्ट घड्याळाची. जहाज देशोदेशी फिरते, पण आपले घड्याळ बदलत नाही. ते बेटाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असते. पाहुणे इथे हमखास चकतात. म्हणून मावशीने प्रत्येक स्कूटरच्या हँडलला एक जुने मनगटी घड्याळ बांधले आहे आणि ते जहाजाच्या वेळेवर लावले आहे. "गाडीवरचं घड्याळ बघा, दुसऱ्या कशाकडे बघू नका," एवढेच ती सांगते. कारण समजावत बसायला जहाजाच्या दिवशी तिला सवड नसते.

एकदा माझे घड्याळ बंद पडले. मिस्त्रींनी ते सोडून खिशात टाकले. "सेल घालून उद्या बसवतो," ते म्हणाले. मिस्त्री हाताचे चांगले, पण त्यांचा उद्या मोठा लांबलचक असतो. जहाज असले की वेळ नसतो आणि जहाज नसले की घाई नसते. माझे हँडल बोडकेच राहिले. मावशीला वाटत राहिले की घड्याळ जागेवर आहे.

अशातच एका जहाजाच्या दिवशी दोघी जणी आल्या. नणंद-भावजय. नणंद वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. भावजय शांत, पण डोळे सारखे जहाजाकडे. तिचे अंगावर पिणारे बाळ जहाजावर आजीपाशी होते. बाळाच्या बाबांना रजा मिळाली नव्हती, आणि आजीचे गुडघे तर जहाजाच्या जिन्यालाही भ्यायचे.

"अगं, आई आहे ना त्याच्याजवळ! घटकाभर मोकळी हो की," नणंद म्हणाली.

"ताई, मी चालवू का? लग्नाआधी मी रोज कॉलेजला स्कूटरच नेत होते."

"मी असताना तू कशाला? तू आपली मागे बस आणि बेट बघ." असे म्हणून तिने मावशीच्या हातातली किल्ली घेतलीसुद्धा.

मावशीने नेहमीच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नणंदेने माझ्या हँडलकडे पाहिले. घड्याळ कुठेच नव्हते. "असेल एखाद्या गाडीला," असे पुटपुटून तिने मला सुरू केले.

बाई बोलायला फटकळ, पण चालवायला नीट होती, हे कबूल केले पाहिजे. चढापाशी भावजय उतरली आणि पदर खोचून चालू लागली. वर पोचेपर्यंत नणंद माझ्यावर बसून "चल, चल, म्हातारे!" असे ओरडत होती, आणि भावजय धापा टाकत हसत होती. पलीकडच्या खाडीवर दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या. नणंदेने फोटो काढून काढून फोनची बॅटरी संपवली. भावजयीचा फोन जहाजावर होता, कारण त्यातली गाणी लागल्याशिवाय बाळ झोपत नसे.

मग त्या किनाऱ्यावरच्या चहावाल्याकडे आल्या. त्याच्या भिंतीवर घड्याळ होते. नणंदेने ते पाहिले, मग आपले मनगट पाहिले.

"हे बघ, माझं घड्याळ तासभर पुढे पळतंय. खाऱ्या हवेनं बिघडलं वाटतं." तिने काटे मागे केले. "चांगला एक तास पदरात पडला!"

"ताई, सकाळी तर जहाजावरच्या घड्याळाशी जुळत होतं."

"तू भारी घाबरट बाई. इथल्या माणसाचं घड्याळ खोटं आणि आपलं खरं, असं कुठे असतं?"

भावजय आणखी काही बोलणार होती, पण थोरल्या नणंदेपुढे किती बोलायचे, म्हणून तिने चहाचा पेला उचलला. मला सगळे समजत होते, मित्रांनो. पण हँडलवर घड्याळ नसलेल्या स्कूटरने काय करावे? मला हॉर्न आहे, तोही दुसऱ्याने दाबला तरच वाजतो.

दुसरा चहा झाला. तेवढ्यात डोंगरापलीकडून जहाजाचा लांब भोंगा ऐकू आला.

चहावाल्याने चमकून विचारले, "तुम्ही जहाजावरच्या ना? मग अजून इथे कशा? हा पहिला भोंगा. दुसऱ्याला शिडी उचलतात."

"काहीतरीच काय? अजून दीड तास आहे!"

"तो आमच्या घड्याळात. जहाजाचं घड्याळ तासभर पुढे असतं, बाई!"

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. "वन्सं," ती एवढेच म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. नणंदेला त्या एका शब्दात सगळे ऐकू आले असावे, कारण किल्ली घेऊन ती तशीच माझ्याकडे धावली.

त्या दोघींना घेऊन मी जमेल तेवढी पळाले. जहाज सुटले तर ते दुसऱ्या दिवशीच पुढच्या बंदराला लागणार होते. तोवर ते तान्हे बाळ आईवाचून राहणार, आणि म्हातारी आजी त्याला घेऊन कुठे कुठे फिरणार? चढ आला. नणंदेने जोर दिला, मी कण्हले, चाक फिरेना. भावजय उतरू लागली, तशी नणंद म्हणाली, "थांब. तू नाही, मी उतरते. किल्ली घे. तू चढून येईपर्यंत शिडी उचलतील."

"आणि तुम्ही?"

"माझ्यासाठी कोणी दुधाचं रडत बसलेलं नाही. जा! आणि चालवता येतं म्हणाली होतीस ना, आता दाखव!"

मित्रांनो, ती पोर खरेच चालवत होती. वळणावर नेमके कुठे हळू व्हायचे आणि उताराला ब्रेक कसा जपून धरायचा, हे तिला ठाऊक होते. इतक्या घाईत तिने एक खड्डा चुकवला, आणि तो तिने माझ्यासाठी चुकवला असे मला अजून वाटते. दुसरा भोंगा झाला तेव्हा आम्ही बंदराच्या फाटकात होतो. पहारेकऱ्याने आडवा दांडा वर केला. तिने मला थेट धक्क्यावर नेले, स्टँडला लावले, पाठीमागून धावत आलेल्या मावशीच्या हातात किल्ली कोंबली आणि शिडीवरून धावत सुटली. डोक्यावर मावशीचे हेल्मेट तसेच होते. तिच्या पाठोपाठ शिडी वर गेली.

"दुसरी कुठे आहे?" मावशी खालून ओरडली. पण कोण ऐकतो? दोर सुटले होते.

थोड्या वेळाने ती वरच्या कठड्याशी दिसली. कडेवर बाळ होते आणि ते आईच्या डोक्यावरचे हेल्मेट पाहून भोकाड पसरत होते. तिने धक्काभर नजर फिरवली. नणंद अजून डोंगर उतरत होती. धक्क्यावर मी एकटीच होते, स्टँडवर नीट उभी. तेव्हा तिने बाळाचा चिमुकला हात धरला आणि माझ्याकडे पाहून हलवला. इतकी वर्षे मी माणसांना नेले-आणले, पण मला निरोप कोणी दिला नव्हता. मला हात असता तर मीही हलवला असता.

जहाज दूर गेल्यावर नणंद आली. चपला हातात, केस विस्कटलेले. रिकामा समुद्र पाहूनही तिने आपली चिंता केली नाही. तिने मावशीला एकच विचारले, "चढली का ती?"

"चढली. पोराला घेऊन कठड्याशी उभी होती."

नणंद माझ्या सीटवर मटकन बसली आणि रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "ती म्हणत होती हो मला. मीच ऐकलं नाही."

मावशी तिला घरी घेऊन गेली आणि जाताना मिस्त्रींना म्हणाली, "नऊ नंबरचं घड्याळ कुठंय?" मिस्त्रींनी खाली मान घालून खिशातून ते काढले. लगेच शेडमधल्या दिव्याखाली बसून त्यांनी सेल घातला. चहा निवायच्या आत काम झाले. त्या रात्री मिस्त्रींना जेवण गेले नाही.

सकाळी पुढच्या बंदराकडे जाणाऱ्या लाँचमध्ये मावशीने नणंदेला बसवून दिले. जाण्यापूर्वी ती बाई बादली आणि फडके मागून घेऊन माझ्याजवळ आली आणि तिने मला धुऊन पुसून काढले. मिस्त्री नको नको म्हणत होते. "राहू द्या. माझ्या घरचीच समजा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जे यंत्र तुमच्या कामी येते त्याचे लहानसहान दुखणे उद्यावर टाकू नका. ते उद्या कोणाच्या जिवावर बेतेल, सांगता येत नाही. भाड्याची वस्तूही आपली म्हणून वापरा. आणि गाडी चालवताना मागे बसलेल्याचेही ऐकत जा, तो वयाने लहान असला तरी.

लाँच गेली त्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन वाजला. तिने तो माझ्या सीटवर ठेवून स्पीकर लावला. आत बाळ जोरजोरात रडत होते.

"काय गं, भूक लागली का त्याला?" मावशीने घाबरून विचारले.

"नाही हो, मावशी," भावजयीचा हसरा आवाज आला. "पोट भरलंय त्याचं. पण आल्यापासून आत्या त्याला खाली ठेवायलाच तयार नाही!"